थोरल्याने पाडायचे, धाकट्याने उचलायचे

भाकरीचे तीन भाग काही केल्या होत नव्हते.

सानवीने पुन्हा सुरी मधोमध टेकवली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबली आणि कापलं. दोन झाले. मग त्या दोनांचे पुन्हा दोन-दोन. चार. तिने चारही तुकड्यांकडे जरा वेळ पाहिलं, एक उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "झाले तीन."

"आणि पोटात गेला तो कुणाचा?" वेदिकाने विचारलं.

"तो मोजायचा नाय."

चार दिवसांत गावची बोली लेकीच्या तोंडात बसली होती. मुंबईला गेल्यावर वर्गात पोरं हसतील, आणि मग आठवड्याभरात ती बोली पुन्हा निघून जाईल, हे वेदिकाला माहीत होतं. म्हणून तिने तिला एकदाही टोकलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास होता: घरातल्या एखाद्या वस्तूचे तीन समान भाग करा आणि चित्र काढा. वाचताना सोपा वाटला होता.

चुलीपुढे निशिगंधा भाकऱ्या थापत होती. भावंडांतली शेवटची, घरचं शेंडेफळ. केसांत पांढरं डोकावायला लागलं तरी शेंडेफळच. मान वर न करता ती म्हणाली, "तीन करायचे असले तर सुरी मध्यावर लावायचीच नाय, सानू. एकदा मधोमध कापलंस की दोनाचे चार, चाराचे आठ. तीन यायचेच नायत."

"मग कुठे लावायची, आत्या?"

"आधी खाणारे किती ते ठरवायचं. मग सुरी हातात घ्यायची."

वेदिकाने नणंदेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर फक्त चुलीची धग होती. तव्यावरची भाकरी तिने बोटांच्या टोकांनी उलटली, फुगली तशी फडक्याने हलकेच दाबली. ती भाकरीबद्दलच बोलत असेल. पण बाहेर खळ्यावर भात उपसून ठेवलेलं, आज वाटे पडायचे, सोमवारी मंडणगडात सह्या व्हायच्या, अशा दिवशी या घरात कुठलीच गोष्ट नुसत्या भाकरीची राहिली नव्हती.

आयेचं, म्हणजे यमुनाबाईंचं, वर्षश्राद्ध परवा झालं. वर्ष पुरं होईपर्यंत थोरल्या दिरांनी, रावजीदादांनी, वाटणीचा शब्द काढला नव्हता. काल जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि पंच्याला पुसता पुसता सांगून टाकलं: वाटे दोन. एक माझा, एक निलेशचा. सोमवारी निशी हक्क सोडल्याची सही देईल. निशिगंधाला विचारलं तर ती म्हणाली, "येईन की." आणि उष्टी काढायला वाकली.

पूर्वेच्या खोलीत ती नऊ वर्षं राहत होती. अलोऱ्याला नवऱ्याने दुसरं घर केलं, तेव्हा एक पिशवी घेऊन आली ती त्या खोलीतच उतरली. शेवटची तीन वर्षं आये अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं हिनेच केलं. आता माघात सागरचं, दादांच्या मुलाचं, लग्न होतं आणि ती खोली सागरसाठी रंगवायची ठरली होती. रंग पिस्त्याचा की आकाशी यावर दोन दिवस बोलणं झालं. निशिगंधा कुठे निजेल, यावर कोणी बोललं नव्हतं.

रात्री वेदिकाने नवऱ्याला, निलेशला, विचारलं होतं. तो म्हणाला, "तिचं काय, ती आहेच की घरात."

"घरात आहे. पण वाट्यात नाही."

"मी काय करू? दादाने वाढवलंय मला. त्याच्या तोंडावर मी गणित मांडू?"

*

खळ्यावर रावजी पायलीने भात मापत होता. "लाभ," त्याने म्हटलं आणि पहिली पायली पूर्वेच्या बाजूला ओतली. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. बाप लवूने शिकवलेलं. दुसरी पायली पश्चिमेला. मग पुन्हा पूर्वेला. दोन्हीकडे सारखीच शीग. वर चार दाणे जास्त चढले तर तो तळव्याने निरपून काढी.

हे काम त्याचं होतं, आणि गावभर त्याचंच होतं. ओढ्यावर मासे मारले, देवाच्या जागेत बोकड पडला, वाडीने मिळून वरकस जमिनीत नाचणी केली, की वाटे घालायला हाक रावजीला. रावजीने घातलेला वाटा डोळे मिटून उचलावा, असं लोक म्हणत. तो दुकानातल्या तराजूवर कधी विसंबला नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, सगळ्या लहानपणी परसात माडाला टेकून घोकलेल्या. अजून बैलामागे चालताना त्या ओठांत यायच्या.

"दादा, वजनकाटा आणला असता मंडणगडातून," निलेश राशीकडे बघत म्हणाला.

"काट्याला काय कळतंय कुठलं भात खाचरातलं नि कुठलं माळावरचं? दोन्ही राशींत दोन्ही घातलंय. बघ हात घालून."

निलेशने हात घातला नाही. त्याला फरक कळला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सागरची गाडी कधी आहे?"

"रविवारी पोचतो म्हणाला. सोमवारी तोही येईल मंडणगडात." रावजी थांबला. "रीत लक्षात आहे ना तुला? पूर्वेच्या राशीबरोबर घराची पूर्वेची बाजू नि वरचं शेत. पश्चिमेच्या राशीबरोबर माजघराची बाजू नि ओढ्याकडचं. मी पाडतो. धाकट्याने आधी उचलायचं. उरेल ते पाडणाऱ्याचं."

"म्हणजे पूर्वेची मी उचलली तर सागरची खोली माझी."

"तुझी रे तुझी. पण तू उचलणार नायस, कारण तुझ्या मोठ्या वहिनीने तुला सकाळीच डोळ्यांनी दम भरलाय."

दोघेही हसले. निलेशचं हसू आधी संपलं.

"दादा... निशीचं?"

रावजीने पायली पुन्हा भातात खुपसली. "निशी माझ्या घरात जेवेल. जन्मभर जेवेल. मी हाय ना?"

"तू आहेस तोवर."

"मग काय, मी नसताना सागर तिला उपाशी ठेवणाराय?" त्याने शीग निरपली. "लाभ किती झाले ते विसरलो बघ तुझ्या नादाने."

विसरला नव्हता. तो कधी विसरत नसे.

*

पडवीत विमला, रावजीची बायको, पोती झटकत होती. दोनच पोती, धुऊन वाळवलेली. वेदिका दुसऱ्या टोकाला धरायला आली, तशी ती म्हणाली, "तू काल निलेशभावोजींचे कान भरलेस ते मला कळलंय. भिंत पातळ हाय आपली."

"कान नाही भरले, वहिनी. विचारलं."

"विचारायचं काय त्यात? पोरी सही देतातच. मी दिली नाय? वेळासच्या बाजूला बागायत हाय आमची, सुपारी नि माड. दोन भाऊ न्यायला आले रिक्षा घेऊन. सही झाली, हॉटेलात मिसळ चारली, साडी दिली, संध्याकाळी परत आणून सोडलं. मी कुठे रडत बसले?"

"कुठली साडी? तुम्ही नेसलेली बघितली नाही मी."

विमलाने पोतं जास्तच जोरात झटकलं. धुळीने दोघी खोकल्या.

ती साडी ट्रंकेच्या तळाशी होती. मोरपिशी, काठाला कुयऱ्या. बारा दिवाळ्या गेल्या, घडी मोडली नव्हती. नेसायला काढली की घडीवर हात ठेवून ती तशीच बसे, आणि मग काहीतरी दुसरंच काम आठवे. साडीत काही खोट नव्हती. त्या दिवशी रिक्षात बसताना धाकटा भाऊ म्हणाला होता, ताई, तुझं माहेर कुठे जात नाही. त्यानंतर त्याने गणपतीला बोलवायचंही हळूहळू सोडलं. हे तिने रावजीलासुद्धा सांगितलं नव्हतं. काय सांगायचं? हिशोबात कुठे काही चुकलं नव्हतं.

"मला निशीचं वाईट वाटत नाय असं नाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आयेचं हगणंमुतणं तिने काढलं, मी माझी पाठ धरून बसले. पण सागरची बायको येणार. ती पोर पडवीत झोपेल? तूच सांग. एक खोली, दोघांना कशी पुरवू मी?"

विमलाने बाहेर डोकावून हाक मारली, "निशे, चहा टाक गो. आत्ता वाटे पडतील."

*

निशिगंधा चहाचे पेले ताटात घेऊन पायरीवर आली, तेव्हा दोन्ही राशी तयार होत्या. केरसुणीने कडा गोल केलेल्या, मध्ये शेणाने सारवलेला हातभर पट्टा. आये असती तर म्हणाली असती, रावजीच्या राशी म्हणजे जुळी लेकरं. तिच्या मनात आलं आणि ती स्वतःशीच हसली.

तिचं सगळं ठरलं होतं. सोमवारी सही करायची. माघात खोली रिकामी करायची. मग मंडणगडात त्या बाईकडे, जी पापडाला बायका घेते, तिथे विचारायचं. रडायचं नाही, आणि भावाशी भांडायचं तर मुळीच नाही. तो तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. त्याच्या खांद्यावरून तिने जत्रा बघितल्या होत्या.

रावजीने गुडघ्यावर हात टेकून कंबर सरळ केली. नारळ फोडून त्याचं पाणी दोन्ही राशींभोवती शिंपडलं. सगळे उभे होते: पलीकडे निलेश, त्याला बिलगून सानवी, पडवीच्या खांबाशी विमला आणि वेदिका. रावजीने डोळे मिटून हात जोडले. गावदेवीचं नाव घेतलं, आयेचं घेतलं, बापाचं घेतलं. मग डोळे न उघडताच, आयुष्यभर राशीसमोर जे म्हणत आला तेच म्हणाला.

"निशे, उचल."

पानावर मांडलेले मासे असोत, फणसाचे गरे असोत, वेलावरची शेवटची काकडी असो. ती चालायला लागल्यापासून या खळ्यावर वाटे पडले की हीच हाक. धाकट्याने उचलायचं, आणि धाकटी ती.

तिने ताट पायरीवर ठेवलं. आपण काय करतोय याचा विचार तिने केला, असं नंतर तिला कधीच म्हणता आलं नाही. पाय ओळखीच्या वाटेने गेले. ती पूर्वेच्या राशीपाशी वाकली, उजवा हात भातात घातला, आणि मूठभर भात पदरात घेतलं. रीत तशीच होती.

एक पेला ताटात कलंडला होता. चहा पायरीवरून खाली थेंब थेंब गळत होता.

"अगं ए," निलेश अर्धवट हसत म्हणाला, "दादा चुकून बोलला."

"ठेव ते खाली, निशे," विमला खांबाजवळून म्हणाली.

निशिगंधा उभी राहिली. पदराचा गोळा तिने पोटाशी धरला होता. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "मला हाक आली, मी उचललं."

"हाक सवयीची गो, बाय. आज वाटे दोन हायत, दोघा भावांचे."

"मी सही देणारच होते, वहिनी. मागितलं नव्हतं काही. पण आता उचललंय."

"मी नाय दिली सही? मी काय जगावेगळी?"

"तुम्हाला कुणी उचल म्हटलं होतं?"

विमला वळली आणि आत निघून गेली. आत ट्रंकेचं झाकण आदळल्याचा आवाज आला.

सगळ्यांच्या नजरा रावजीवर होत्या. तो पश्चिमेच्या राशीकडे बघत होता.

चुकून म्हटलं, एवढंच बोलायचं होतं. कुणी दोष दिला नसता. पण पाचेक वर्षांपूर्वी वरच्या वाडीच्या दादूने बोकडाचा वाटा उचलून परत ठेवला होता, यात हाडंच जास्त म्हणून. तेव्हा सगळ्या गावासमोर रावजीनेच त्याला तो पुन्हा उचलायला लावला होता. उचललेला वाटा खाली ठेवायचा नाही. ठेवला तर पुढे कुठल्याच वाट्याला अर्थ नाही.

"निलेश," तो म्हणाला, "तू उचल."

"दादा, अरे..."

"उचल म्हटलं ना."

निलेशने पश्चिमेच्या राशीतून मूठ घेतली. ती कुठे ठेवावी हे न कळून तो ती तशीच धरून उभा राहिला.

"आणि तुझी रास?"

"पाडणाऱ्याने उरेल ते घ्यायचं."

"काय उरलं?"

रावजीने खाली बघितलं. दोन राशींच्या मधला सारवलेला पट्टा, त्यावर चुकार चार दाणे आणि एक मुंगी. "हे," तो म्हणाला आणि तिथेच, त्या पट्ट्यावर, मांडी घालून बसला.

इकडे एक रास, तिकडे एक रास. दोन्ही त्याच्याच हाताने घातलेल्या, आणि दोन्हींत त्याचं काही नाही. घर समोर होतं. आत त्याचीच चूल पेटलेली होती, जेवायला कोणी नको म्हणालं नसतं. निलेश जेवू घालील. निशीही घालील. जन्मभर घालतील. मघाचंच आपलं वाक्य त्याला आठवलं, आणि ते ऐकणाऱ्याच्या जागेवर बसून ते कसं लागतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं. मग धाकट्या बहिणीकडे न बघता त्याने विचारलं, "नऊ वर्षं तू इथेच बसलीवतीस काय गो? या मधल्या जागेत?"

निशिगंधाने पदर आणखी घट्ट धरला.

वेदिका पायऱ्या उतरून आली. या खळ्यावर ती आजवर कधी मोठ्याने बोलली नव्हती. "दादा, राशी मोडा. पुन्हा पाडा. आम्ही मोडायला मदत करतो."

"मोडा," निलेश म्हणाला. ते इतक्या लगेच आलं, की वेदिकाने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने मूठ राशीत सोडून दिली होती.

"पूर्वेची खोली तिची," रावजी म्हणाला. "ती उचलून झाली, तिच्यावर आता बोलायचं नाय. बाकी घराचं, शेताचं तीन करू. सागरसाठी पडवीला भिंत घालू. जांभा पडलाय की मागे."

*

भात पुन्हा एक झालं. रावजीने पायली घेतली, पण लाभ म्हणण्याआधी अडला.

"या घरातली मापं सगळी निम्म्याची," तो वेदिकाला म्हणाला, जणू तिनेच तक्रार केली होती. "पायली, अर्धी पायली, शेर, मापटं, चिपटं. तिसऱ्या हिश्शाचं माप बापाने ठेवलंच नाय."

"माझं पण होत नव्हतं," सानवी म्हणाली. "चारच होतात."

"चार होऊ देत की," निशिगंधा म्हणाली. "तीन वाटायचे. चौथ्याचे पुन्हा चार करायचे."

रावजीने तिच्याकडे बघितलं. मग मापायला बसला. आता तीन राशी. लाभ इकडे, लाभ मध्ये, लाभ तिकडे. शेवटी एक पायली उरली. तिचे चार शेर: एकेक प्रत्येकाला, एक उरला. त्या शेराची चार चिपटी: एकेक प्रत्येकाला, एक उरलं. ते चिपटं त्याने सुपात ओतलं आणि बोटाने त्याचे चार ढीग केले. तीन राशींवर तीन गेले. सुपात मूठभर राहिलं.

"परत एक उरलं," सानवी सुपावर वाकून म्हणाली. "याचे पण चार करा."

"केले तरी एक उरेल."

"मग त्याचे?"

"तरी उरेल. शेवटी दाणा दाताने तोडायला लागेल तुला."

"मग ते कुणाचं?"

रावजीने सूप निशिगंधापुढे धरलं. तिला सांगावं लागलं नाही. आये दर वर्षी उरलेलं मूठभर रिकाम्या कणगीत टाकायची. कणगी पार रिकामी ठेवायची नसते. निशिगंधा आत गेली. वेळूच्या कणगीच्या तळाशी दाणे पडल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"घराचं," रावजीने पोरीला सांगितलं. "ते कुणाच्या वाट्यात मोजायचं नाय."

सानवीने आईकडे बघितलं, बघ, मी सांगत होते, अशा नजरेने. वेदिकाने तिचे केस कानामागे सारले.

उन्हं माडांच्या शेंड्यांवर चढली होती. निलेशने पोती उघडली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. पोती दोनच होती.

"माझं राहू दे असंच," निशिगंधा घाईने म्हणाली. "घमेल्याने आत नेते."

"उघडं नको ठेवू. आजच्या दिवशी बांधायला लागतं," रावजी म्हणाला.

पडवीतून विमला आली. डोळे पुसलेले, पण पुसल्याचं लपवलेलं नव्हतं. ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या राशीशेजारी तिने मोरपिशी साडी जमिनीवर टाकली आणि झटक्यात उलगडली. बारा वर्षांच्या घड्या कापडावर रेघांसारख्या उठल्या होत्या. कुयऱ्यांचा काठ सारवणावर पसरला.

"वहिनी, नवी कोरी साडी," निशिगंधा म्हणाली. "भात टोचेल. फाटेल."

"फाटू दे. कधीतरी वापरायला हवी होती." विमला एक टोक धरून उकिडवी बसली. "धर तिकडून. आणि सोमवारी मंडणगडला जाताना माझ्या शेजारी बस रिक्षात. सही करायची नसली की तिथे काय म्हणायचं असतं, ते बघायचंय मला."

निशिगंधाने दुसरं टोक धरलं. रावजी ओंजळीने भात साडीत लोटू लागला.